चंद्राला लागणारी जागा

लाइट गेली नाही. लखनौच्या इंदिरा नगरात दिवस कलला की ती न चुकता जायची. बायका तिच्या जाण्यावर पाणी भरायच्या वेळा बांधायच्या. पण ज्या संध्याकाळी गीता मनापासून तिच्या जाण्याची वाट बघत होती, नेमकी त्याच संध्याकाळी ती हट्टी पाहुणीसारखी ठाण मांडून बसली. बैठकीत पंखा गरगरत होता, ट्यूबलाइट लखलखत होती आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत, सकाळच्या होमाचं भस्म कपाळावर तसंच ठेवून, दीनानाथ ताठ बसले होते.

"उत्कर्षा, लाव तुझी कॅसेट," ते म्हणाले. "चंद्र उगवायला अजून अवकाश आहे. तोवर हरिहरला दाखवू, त्याने आणलेल्या मशीनचं माझ्या नातीने काय केलंय ते."

"आले आजोबा," उत्कर्षा म्हणाली, आणि टीव्हीकडे जायचं सोडून आईचा हात धरून तिने तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, गड़बड़ हो गई है."

"बिघडलं का ते?"

"नहीं, चल रहा है. वही तो प्रॉब्लम है." तिने मागे वळून पाहिलं. "मैंने आजोबा का कमरा हटा दिया."

गीताच्या हातात निरांजनांचं ताट होतं. सहस्रचंद्रदर्शनाचा होम सकाळी झाला होता, पाहुणे जेवून गेले होते, आणि आता घरच्यांनी गच्चीवर जाऊन, चंद्र वर आला की सासऱ्यांना ओवाळायचं, एवढंच उरलं होतं. वाती तुपात भिजवून तयार होत्या. तिने ताट ओट्यावर ठेवलं.

"हटा दिया म्हणजे?"

खरं तर गीताला त्या मशीनमधलं फारसं कळत नसे. नुसता कीबोर्ड, त्याची एक वायर टीव्हीला, दुसरी टेपरेकॉर्डरला. थोरल्या दिरांनी, हरिहरनी, ते परदेशवारीतून आणलं तेव्हा उत्कर्षा लहान होती आणि गल्लीतली सगळी पोरं बैठकीत बसून विमानं पाडायची. मग पोरांना कंटाळा आला, आणि ही एकटी पुस्तकातून ओळी उतरवत बसायला लागली. गेल्या थंडीत दीनानाथ न्हाणीघरात पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि उभ्या आयुष्यात कधी न लोळलेला माणूस महिनोन्महिने पलंगावर छत बघत पडला. तेव्हा उत्कर्षाने त्यांच्यासाठी खेळ लिहिला. त्यात विमानं नव्हती, गोळ्या नव्हत्या. त्यात हेच घर होतं. कुठल्या दिशेला जायचं ते टाइप करायचं, की मशीन सांगणार, आता तुम्ही कुठल्या खोलीत आहात आणि तिथे काय दिसतंय. गच्चीची किल्ली कुणीतरी लपवली आहे, ती शोधून वर पोचायचं.

दीनानाथांनी एकच अट घातली होती. अक्षरं इंग्रजी असोत, भाषा मराठी हवी. आईशी बोलताना दर वाक्याला हिंदीवर घसरणारी ही पोर मग आजोबांच्या उशाशी बसून विचारायची, माईआजी सुपारी कापायची त्याला काय म्हणतात? अडकित्ता. तो अडकित्ता तिने खेळात आजोबांच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. दीनानाथ खेळायला बसले की किल्ली-बिल्ली नंतर. आधी पूर्वेला वळून आपल्या खोलीत जायचे, गेलेल्या बायकोचा, माईंचा अडकित्ता उचलायचे, मगच पुढे सरकायचे. देवघरात डोकावून घराबाहेर पडावं तसं.

"आज के लिए मैंने चाँद बनाया," उत्कर्षा सांगत होती. "गच्चीवर पोचलं की पूरे स्क्रीन पर चाँद. लेकिन उसमें बहुत मेमरी जाती है, आई. फुल हो गई. कुछ तो निकालना था."

"मग अंगण काढायचं, न्हाणीघर काढायचं. त्यांचीच खोली का?"

"वो तो खाली होने वाली है ना, इसलिए..."

वाक्य अर्ध्यावर आलं आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

घरात आजोबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. गीताच्या नवऱ्याची, मधुसूदनची, बँकेतली बदली नागपूरला झाली होती. हरिहर वडिलांना 'चार दिवस हवापालटाला' पुण्याला नेणार होते, आणि ते चार दिवस कधीच संपणार नव्हते. घर गल्लीच्या टोकाच्या जयसिंगना द्यायचं बोलणं झालं होतं; सही बाबांकडून पुण्यात घेऊ, असं हरिहर म्हणाले होते. कार्यक्रम होईपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. गीतानेही मान डोलावली होती. धाकाने नव्हे. वीस वर्षं ती ह्या शहरात भाजीवाल्याशी, शेजारणीशी, शेवटी स्वतःच्या मुलीशीही हिंदी बोलत आली होती, आणि नागपुरात तिची आई एकटी होती. बदलीचा अर्ज कर, म्हणून नवऱ्याच्या मागे तीच लागली होती. सासऱ्यांचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण नागपूर त्याहून जास्त हवं होतं.

"जुना खेळ लाव ना," ती कुजबुजली.

"एक ही कॅसेट थी. उसी के ऊपर सेव्ह कर दिया."

"काय चाललंय दोघींचं?" वासंती दारात उभी होती. हरिहरची बायको म्हणजे गीताची थोरली जाऊ. एरवी दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण आज वासंतीचा आवाज उतरलेला होता. तिने सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि एकदम पाटावर बसली.

"बरं होईल एकदाचं कळलं तर."

"वहिनी!"

"अगं, आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत आम्ही, एकीत आमचा निरंजन आणि त्याची पुस्तकं. मामंजींचा पलंग कुठे घालायचा ते मी ह्यांना महिनाभर विचारतेय. 'बघू' म्हणतात. बघू म्हणजे बाल्कनी गं. बंद करून घेऊ म्हणतात." ती पदराने मान पुसत होती. "मी वाईट नाही गीता. पण नसलेली खोली मी आणू कुठून?"

इतके दिवस तिने स्वतःची अशी समजूत घातली होती की मामंजी पुण्यात लेकाजवळ सुखात राहतील.

बाहेर कडी वाजली. जयसिंग आले होते, हातात मिठाईचा डबा, अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता.

"अंकल जी, मुबारक हो! हज़ार चाँद देख लिए आपने. हम तो ईद का भी ढंग से नहीं देख पाते." ते दीनानाथांच्या पाया पडले, बसले, आणि बसल्याबसल्या त्यांची नजर भिंतीवरून फिरली. पूर्वेच्या भिंतीवर, जिथे दीनानाथांच्या खोलीचा पडदा होता, तिथे ती जरा जास्तच रेंगाळली. हरिहरनी घसा खाकरला. मधुसूदन वर्तमानपत्राची कालचीच पुरवणी वाचत बसला होता.

"जयसिंग जी, देखिए हमारी पोती का कमाल," दीनानाथ म्हणाले. "उत्कर्षा!"

आता टाळता येण्यासारखं नव्हतं. उत्कर्षाने कॅसेट घातली, बटण दाबलं. टीव्हीच्या कडांना लाल-निळे पट्टे धावायला लागले आणि तो कर्कश आवाज सुरू झाला. खेळ एका दमात येत नसे. टेपवरून मशीनमध्ये उतरायला त्याला चांगली पाच-सहा मिनिटं लागत. बाकीचे कानावर हात ठेवायचे. दीनानाथ मात्र मान किंचित तिरपी करून ऐकायचे. लष्करात त्यांचं सगळं आयुष्य वायरलेसवर गेलं होतं.

"ह्यात बोलणं असतं," ते जयसिंगना सांगत होते. "हमको समझ में नहीं आता, बस. लेकिन बात तो हो रही है."

"तबियत कैसी है अब, अंकल जी? सुना है पूना जा रहे हैं?"

"चार दिन. फिर वापस. गुलाबाला पाणी कोण घालणार माझ्या?"

हरिहरनी जयसिंगपुढे पेढ्यांची ताटली धरली, ती त्यांच्या तोंडाच्या फारच जवळ होती.

गीता टेपरेकॉर्डरजवळ जाऊन उभी राहिली. एक गोष्ट तिला पाहून-पाहून माहीत होती: आवाजाचं बटण जरा इकडचं तिकडे झालं की खेळ अर्ध्यातच मरतो. पट्टे धावत होते. तिने टेबल पुसायच्या निमित्ताने पदर फिरवला आणि बटण बोटभर मागे सरकवलं. आवाज खाली आला, पट्टे थरथरले, थांबले. स्क्रीनवर चूक झाल्याची एक ओळ उमटली.

"अरेरे," हरिहर मोठ्या समाधानाने म्हणाले. "राहू दे आता. चला वर, चंद्र येईल."

"कुणीतरी आवाज कमी केला," दीनानाथ म्हणाले. ते टीव्हीकडेच बघत होते. "मधेच पडला तो. टेप खराब नाही. सूनबाई, जरा बघ गं, तुझा हात लागला असेल."

गीताचे कान तापले. ते एवढ्या सहजपणे म्हणाले की त्यांना कळलं की नाही हेही तिला कळलं नाही. तिने बटण पुन्हा जागेवर नेलं. उत्कर्षाने टेप मागे घेतली. पुन्हा पट्टे, पुन्हा किंचाळी. गीताने मनातल्या मनात लखनौच्या वीज खात्याला पहिल्यांदाच साकडं घातलं. रोज जातेस ना, मग आज जा की. पंखा आपला फिरतच राहिला.

आवाज थांबला. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. दीनानाथांनी चष्मा सारखा केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"'तुम्ही बैठकीत आहात,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "बघ हरिहर. चला, आधी आपल्या खोलीत."

त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, 'पूर्व' टाइप केलं.

तिकडे वाट नाही.

"चुकलं वाटतं माझं." त्यांनी पुन्हा टाइप केलं, ह्या वेळी प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत.

तिकडे वाट नाही.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. बैठकीच्या पूर्वेला त्यांच्या खोलीचा पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा टीव्हीकडे.

"उत्कर्षा, माझी खोली कुठे गेली गं?"

पोरीचं नाक लाल झालं होतं. "जागा नव्हती आजोबा," ती मराठीत म्हणाली. "चंद्र काढला ना, त्याला खूप जागा लागली."

"पोरांचा खेळ आहे बाबा," हरिहर हसले. "काहीतरी खालीवर झालं असेल. तुम्ही चला, मुहूर्त..."

"थांब जरा." दीनानाथांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं गीताला वाटलं. "हिने हे घर माझ्यासाठी बांधलं. त्यातली माझीच खोली ही आपल्या मनाने काढणार नाही. ती रिकामी होणार असल्याचं हिच्या कानावर आलंय कुठून तरी. कोण बोललं?"

जयसिंग उठले. "अंकल जी, मैं फिर कभी आता हूँ. आप लोग घर की बात..."

"बैठिए. आप सुबह भी गेट के बाहर से दीवारें देख रहे थे. मैंने सोचा, पुताई करवानी होगी अपने यहाँ." ते मुलाकडे वळले. "मधू, पेपर खाली ठेव. कालचा आहे तो."

मधुसूदनने पेपर खाली ठेवला, पण मान वर केली नाही. हरिहर बायकोकडे बघत होते, वासंती छताकडे. उत्कर्षा रडत होती, आणि सगळा दोष त्या एकट्या पोरीच्या डोक्यावर बसणार, हे गीताला स्वच्छ दिसलं. मोठ्यांनी गप्प राहायचं ठरवलं आणि पोरीने खरं ते लिहून टाकलं, एवढाच तिचा गुन्हा.

"मामंजी, घर विकायचं ठरलंय," गीता म्हणाली.

"गीता!" हरिहर ओरडले.

"बोलू द्या भाऊजी. ह्या दोघा भावांना विकायचंय. पुण्याहून परत यायचं नाही तुम्हाला. सही तिकडे घेणार होते. मलाही माहीत होतं. मगाशी बटण मीच सरकवलं."

"ते मला कळलं होतं," दीनानाथ म्हणाले.

"अहो, पण त्यात वाईट काय आहे?" हरिहर उभे राहिले. "मधू नागपूरला गेल्यावर इथे कोण बघणार तुम्हाला? परत पडलात तर? मला रात्र-रात्र झोप लागत नाही बाबा. मी लांब आहे, म्हणून मला काळजी नाही असं समजता का सगळे?"

"नाही रे. तुला काळजी आहेच." दीनानाथ म्हणाले. "पण तुझ्याकडे माझी खोली कुठली?"

वासंती हलक्या आवाजात म्हणाली, "खोली नाही मामंजी. बाल्कनी आहे. खोटं कशाला बोलू."

"वासंती!"

"तुम्ही झोपून बघा एकदा तिथे जानेवारीत," ती नवऱ्याला म्हणाली, आणि चक्क गीताच्या बाजूला येऊन उभी राहिली.

गीताच्या डोळ्यांपुढे नागपूरची आईची ओसरी आली, तिथला कडीपाटाचा झोपाळा, आणि तो झोपाळा हातातून सुटल्यासारखा लांब-लांब गेला. तिला मनापासून वाईट वाटलं. स्वतःसाठी वाईट वाटायची तिला सवय नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

"मी आणि उत्कर्षा इथेच राहतो," ती म्हणाली. "हे जातील नागपूरला, सुट्टीला येतील. बदली मीच मागायला लावली होती ह्यांना. मलाच जायचं होतं. पण अशी नाही जायची मी."

मधुसूदनने आता कुठे मान वर केली आणि बायकोकडे बघितलं, जणू लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होता. दीनानाथांनीही पाहिलं. मग ते जयसिंगकडे वळले. "जयसिंग जी, माफ कीजिए. यह मकान अभी मेरे ही काम का है."

"अंकल जी, कसम से, हमें लगा आपकी मर्ज़ी है," जयसिंग ओशाळून म्हणाले, हात जोडले, आणि मिठाईचा डबा तसाच ठेवून निघून गेले.

दीनानाथ पुन्हा टीव्हीकडे वळले. "उत्कर्षा, रडणं पुरे. काय काढलं की माझी खोली परत येईल?"

ती डोळे पुसत म्हणाली, "चंद्र. पण आजोबा, तो आजच्यासाठी..."

"मग काढ तो. चंद्र काय, वर फुकट उगवतो."

ती बसली. चंद्राच्या ओळी एकेक करून गेल्या आणि ती खोली लिहायला लागली. दीनानाथ शेजारून सांगत होते: पलंग उत्तरेला, खुंटीवर कोट, खिडकीत अडकित्ता. "'अडकित्त्या'त दोन टी घाल." हरिहर दाराशी पाठमोरे उभे होते. ते गच्चीवर गेले नाहीत, आतही आले नाहीत. आणि गीता, जी मघापासून लाइट जावी म्हणून धावा करत होती, ती आता हात घट्ट आवळून मनात म्हणत होती, थांब गं बाई, जरा थांब.

"झालं," उत्कर्षा म्हणाली. "आता सेव्ह."

"मी दाबतो," मधुसूदन पटकन पुढे आला. त्याने रेकॉर्डची दोन्ही बटणं एकदम खाली दाबली आणि टेप संपेपर्यंत, जणू सोडली तर उडून जाईल, तशी बोटं त्यावरच ठेवली. टेप थांबल्यावर दीनानाथांनी 'पूर्व' टाइप केलं. तुम्ही आजोबांच्या खोलीत आहात. त्यांनी अडकित्ता उचलला.

"अजून जागा उरली का त्यात?" त्यांनी विचारलं.

"चाँद गेला ना. खूप उरली."

"मग तुझ्या आईला विचार, तिला काय हवंय."

"मला काही नको," गीता सवयीने म्हणाली आणि निरांजनांचं ताट आणायला वळली. दारापर्यंत गेली, थांबली. "झोपाळा बसेल का गं ओसरीवर? कडीपाटाचा?"

"दो लाइन में आ जाएगा, आई."

बोटं भराभर चालली. तुम्ही ओसरीवर आहात. इथे आईचा झोपाळा आहे. गीताने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लाइट गेली.

टीव्ही मिटला, पंखा मंदावत थांबला. अख्ख्या गल्लीतून 'गई, गई' असा ओरडा उठला.

"आजोबांची खोली टेपवर आहे," काळोखात उत्कर्षाचा आवाज रडवेला झाला. "झोपाळा... झोपाळा सेव्ह केला नव्हता आई."

"असू दे," गीता म्हणाली. अंधार झाला ते बरंच झालं. तिचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. ती चाचपडत ओट्याशी गेली, ताट उचललं, वासंतीने पुढे केलेली काडी घेतली आणि बैठकीत येऊन पहिलं निरांजन लावलं. त्याच्या उजेडात दीनानाथ उठून उभे राहिलेले दिसले, एक हात धाकट्याच्या खांद्यावर, आणि दुसरा दाराकडे पुढे केलेला, हरिहरसाठी.

"वर जाऊ या," ते म्हणाले. "चंद्र आला असेल. आणि उत्कर्षा, लाइट आली की आधी झोपाळा लिही. माझं ओवाळणं थांबलं तरी चालेल, तो थांबायला नको."

हरिहरनी तो हात धरला. गीताने दुसरी वात लावली.